एका कानाचा डबा

तू नुसतं ऐक. मध्ये "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही, नाहीतर माझा दम तुटतो आणि सगळं मागंपुढं होतं. आणि दाराशी ते दोघंतिघं उभे आहेत ना, त्यांनाही आत घे. बसा मित्रांनो, बसा. तुमच्या शिकवणीच्या ताई भाजी आणायला गेल्यात. त्या यायच्या आत सगळं सांगून टाकतो.

शाळेत तुम्हाला शिकवतात तसं सुरू करू? मी एक जुना डबा आहे. झालं. पण जुना कसला रे! माझं कामाचं सगळं आयुष्य एका दिवाळीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं. त्यानंतर मी नुसता पडून आहे, या दौंडच्या घरात, कपाटावर, रजयांच्या शेजारी. पत्र्याचा आहे, पोहे ठेवायच्या डब्याएवढा आहे, म्हणून तुम्ही मला पोह्यांचाच समजलात. मागच्या आठवड्यात एकानं टोपण काढून आत हात पण घातला होता. खाऊ शोधत होतास ना? मी ओळखलं तुला.

मी सोनोग्राफीचं मशीन आहे. हसू नका!

दवाखान्यातलं मशीन मोठं असतं, चाकांचं, एसीच्या खोलीत राहणारं. डॉक्टर पोटावरून जे फिरवतात त्या प्रोबमध्ये शंभराच्या वर कान असतात, बारके बारके. माणसाला ऐकू येत नाही असला आवाज ते पोटात सोडतात आणि त्याचा पडसाद ऐकतात. प्रत्येक कानाला वेगळी वायर, वेगळं सर्किट. म्हणून ते महाग, म्हणून ते जड, म्हणून ते खेड्यात येत नाही.

मला एकच कान आहे.

एका कानानं चित्र कसं दिसेल, असंच वाटलं ना? मग डोळे मिट. एक कान बोटानं बंद कर. आता कुणी हाक मारली तर कुठून मारली ते नीट कळत नाही. आता उघड्या कानावर हाताचा पंजा वाकडातिकडा धर आणि हळूहळू फिरव. खिडकीतला आवाज एक तऱ्हेनं बदलतो, दारातला दुसऱ्या तऱ्हेनं. गौतमीनं, म्हणजे तुमच्या ताईनं, माझ्या कानापुढं असाच एक पंजा बसवला. प्लॅस्टिकचं गोल झाकण, कुठं जाड, कुठं पातळ, मुद्दाम ओबडधोबड, कानशीनं घासून केलेलं. ते फिरवायला बंद पडलेल्या सीडी ड्राइव्हची मोटार. झाकण थोडं फिरायचं, मी ऐकायचो. पुन्हा थोडं फिरायचं, पुन्हा ऐकायचो. कुठल्याही दोन जागांचा पडसाद त्या झाकणातून सारखा येत नाही. मग लॅपटॉप विचार करायचा की असं साध्यात साधं कुठलं चित्र असेल, ज्यातून हे सगळे आवाज असेच येतील? आणि ते चित्र काढायचा. मोठी मशीनं सगळं ऐकतात आणि त्यातलं बरंचसं फेकून देतात. मी थोडंच ऐकतो आणि बाकीचं ओळखतो.

पण त्याच्यासाठी ते झाकण मला पाठ असावं लागतं. गौतमीनं बादलीभर पाण्यात टाचणी धरली, केसभर सरकवली, मला ऐकवलं, पुन्हा सरकवली. अख्खा पावसाळा तेच. तिचे वडील बबनराव रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलणारे. ते ड्युटीवरून यायचे, चपला काढायचे आणि म्हणायचे, "गौतमे, लोकं बादलीनं आंघोळ करतात. तू बादलीला टाचण्या दाखवतीस. आज काय म्हणली बादली?"

"पप्पा, हलवू नका! पाणी हलतंय!"

"आता मी माझ्या घरात श्वास पण घ्यायचा नाही?"

असं ते पाठांतर. दुसरं झाकण हुबेहूब तसं होत नाही, नवं केलं की पाठांतर पहिल्यापासून. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

गौतमी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी म्हणजे तिचा प्रकल्प. कॉलेजातल्या सरांनी माझ्यासाठी परवानगी आणली, पण एका अटीवर. माझ्या अंगावर त्यांनी स्वतःच्या हातानं स्टिकर चिकटवलं, 'फक्त जनावरांसाठी'. आणि म्हणाले, "गौतमी, बाईमाणसाच्या पोटाच्या आसपाससुद्धा हा डबा फिरकला नाही पाहिजे. मुलगा की मुलगी बघायला लोक काय काय करतात, तुला माहितीये. कायदा कडक आहे, आणि असायलाच पाहिजे."

"नाही फिरकणार सर," ती म्हणाली. मी ऐकलंय. तेव्हा मला ती अट म्हणजे काहीच वाटली नव्हती. मला मेंढ्यांकडं जायची घाई झाली होती!

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर, कांदा काढून मोकळ्या झालेल्या एका रानात रखमाजी आबांचा वाडा बसला होता. वाडा म्हणजे दगडाचा नाही हां. जाळ्या लावून मेंढरं बसवतात, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं, आणि बाजूला बिऱ्हाड, तो वाडा. आबांचं घर होतं, थोडी जमीन होती, पण कळप सुटला नव्हता. घरात आबा, त्यांची बायको पार्वतीबाई, मुलगा बिरदेव आणि त्याची बायको म्हाळसा. म्हाळसाच्या दोन पोरी आजोळी शाळेला होत्या. बिरदेव सणसवाडीच्या कंपनीत ठेक्यावर होता, सुट्टीलाच वाड्यावर यायचा.

आबांना एकच काळजी असायची. बाजारात मेंढी विकताना ती गाभण आहे का, हे पहिल्या महिन्यांत हातानं कळत नाही. आणि गाभण मेंढी खाटकाकडं गेली तर? "पोटुशा जिवावर सुरी फिरती पोरी," ते गौतमीला म्हणाले, "ते पाप धुवायला पाणी पुरत न्हाई. तुझा डबा सांगंल का?"

"सांगेल आबा."

आणि मी सांगायला लागलो! मित्रांनो, काय दिवस होते ते! गौतमी एसटीनं यायची, मी तिच्या मांडीवर पिशवीत. म्हाळसा मेंढी धरायची. एक गुडघा मेंढीच्या बरगडीला, एक हात हनुवटीखाली. कुशीजवळची लोकर कातरायची, गोडेतेल चोपडायची, मग माझा कान तिथं टेकायचा.

"धर, धर, म्हाळसा, नाचतीये ही!"

"नाचू द्या ताई, आमच्यात नवरीबी येवढी सजत न्हाई. तेल काय, केस कापनं काय!"

कुर्र, कुर्र झाकण फिरायचं. तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढ्या वेळात चित्र यायचं. काळ्यात पांढरं वाटोळं, आत वाटाण्याएवढा जीव. आबा लॅपटॉपकडं बघून आधी हात जोडायचे आणि मग म्हणायचे, "हिला निळीचा ठिपका लावा. ही ऱ्हायली घरी."

पण माझ्यात एक खोट होती. कोकरू मोठं झालं की ते पोटात हलायचं, आणि माझं ऐकणं एका दमात होत नाही ना! पहिल्यांदा ऐकलेलं आणि शेवटी ऐकलेलं जुळायचं नाही, आणि चित्र फाटायचं. मधूनच पांढऱ्या चिरा. सर म्हणाले, "प्रात्यक्षिकाला समिती येणार आहे, त्यांच्यापुढं असली फाटकी चित्रं ठेवणार आहेस?" गौतमी खूप खपली. जे जुळत नाही ते काढून टाकायचं, असा एक प्रोग्रॅम तिनं लिहिला. आणि चित्रं स्वच्छ झाली, काचेसारखी. आबा म्हणाले, "आता कसं, फोटो स्टुडिओत काढल्यावानी!" माझी छाती फुगली. मी चांगलं चित्र काढणारा डबा झालो होतो.

मग ती टिकली नावाची मेंढी. कपाळावर पांढरा ठिपका होता तिच्या. तिचं चित्र इतकं सुंदर आलं की गौतमीनं ते समितीसाठी बाजूला ठेवलं. आणि पुढच्या खेपेला आली तर म्हाळसा म्हणाली, "ताई, टिकलीचं कोकरू मेलेलं निघालं. पोटातच बरंच दिस मेलेलं होतं, असं आबा म्हनत्यात."

गौतमी तिथंच बांधावर बसली. तिनं जुनी चित्रं काढली, साफ करायच्या आधीची. ज्यांची फाटली होती, त्यांची कोकरं उड्या मारत होती. एकटं टिकलीचं चित्र मुळातच फाटलं नव्हतं. आम्ही जी चिर खोट म्हणून पुसत होतो, तीच त्या जिवाची हालचाल होती.

तिनं त्याच दिवशी प्रोग्रॅम बदलला. चित्राखाली एक रेघ दिली. पोटातलं काही हललं की रेघ उडणार, नाहीतर सपाट.

म्हाळसा वाकून बघत होती. म्हणाली, "म्हंजी फाटतंय तवर जितं हाय."

"हो. तसंच."

हे वाक्य म्हाळसानं मनात ठेवलं. का ठेवलं, ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

म्हाळसाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पोट दिसायला लागलं तशी पार्वतीबाईंची नजर माझ्याकडं वळायला लागली. आधी हसत हसत. "मॅडम, मेंढीला येवढं तेल लावताय, आमच्या सुनेला बी लावा की वाईच."

"मावशी, हे मेंढीचं मशीन आहे."

"पोट ते पोट. मेंढीचं काय आन् बाईचं काय."

मग हसणं कमी झालं. "आमची मेंढरं चालली तुझ्या शिक्षणाला. आन् आमचं काम आलं की कायदा?" मग बिरदेव सुट्टीला आला तेव्हा तोही. "मॅडम, नुसतं मान हलवा. उजवीकडं म्हंजी पोरगा. तोंडानं सांगायचंच न्हाई, मग गुन्हा कसला?"

"मान पण माझीच आहे बिरदेव," गौतमी म्हणाली.

आबा यातलं काही बोलायचे नाहीत. ऐकू आलं नाही असं दाखवून काठी उचलायचे आणि मेंढरांमागं निघायचे. ते बोलले असते तर... असू दे. पुढं ऐक.

प्रात्यक्षिक जवळ आलं होतं. समिती वाड्यावरच येणार, मेंढ्यांवर बघणार, मग गौतमीला पदवी आणि मला पुढं आणखी भावंडं. त्या दिवसांत एकदा मला एका तापट मेंढीच्या कुशीला लावलं होतं. कबरी तिचं नाव. म्हाळसानं धरली होती, पण झाकण फिरलं तशी कबरी बिथरली आणि मागच्या पायाची लाथ थेट म्हाळसाच्या पोटात. म्हाळसा खाली बसली. "लागलं का?" गौतमी धावली. "न्हाई ताई, काय न्हाई," ती म्हणाली, आणि उठून पुन्हा मेंढी धरली. सगळ्यांनी खरं मानलं. मीही.

नंतरच्या खेपेला तळेगावचा बाजार होता. पार्वतीबाई आणि बिरदेव बाजारात, आबा मेंढरं घेऊन लांब ओढ्याकडं. वाड्यावर म्हाळसा, लंगड्या दोन मेंढ्या आणि आम्ही. काम झालं. गौतमी माझी वायर गुंडाळत होती.

"ताई, गुंडाळू नका."

"का गं?"

म्हाळसा उभीच. हाताला मेंढीचं तेल, ते पदराला पुसत राहिली. "कबरीनं लाथ हानली ना. तवापास्नं पोटातलं हलंना."

गौतमीच्या हातातून वायर सुटली. "घरी सांगितलंस?"

"न्हाई."

"अगं का?"

"ह्यांनी एक डॉक्टर बघून ठिवलाय, लांबचा. गाडीबी ठरलीया. मीच आडवी पडलीय, जात न्हाई म्हनून. आता पोटात दुखतंय म्हनलं की निमित्त गावलंच. नेत्याल, बघत्याल, आन् तिसरी पोरच निघाली तर तिथंच मोकळं करत्याल."

"मग सरकारी दवाखान्यात जाऊ. शिरूरला. आत्ता चल, मी येते."

"तिथं सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई आठवड्यातनं एकदा. काल येऊन गेल्या. पुढच्या वारापत्तूर मी काय करू?" आणि मग ती जे बोलली ना, ते मला अजून ऐकू येतं. "ताई, पोरगा का पोरगी मला नगंच सांगाया. जितं हाय का, येवढंच सांगा. जितं असंल तर मी भांडंन. सगळ्यांशी भांडंन. पर मेलेलं असंल तर कशापायी भांडू?"

गौतमी माझ्याकडं बघत होती. माझ्याकडं म्हणजे माझ्या अंगावरच्या स्टिकरकडं. तिचं सगळं शिक्षण त्या दोन शब्दांवर उभं होतं. सरांना दिलेला शब्द होता. आणि समोर ही, जिला लाथ बसली ती माझ्यापायी. मी हो म्हणू शकत नव्हतो आणि नाहीही म्हणू शकत नव्हतो, मी डबा. पण डब्याला भीती वाटत नाही असं कुणी सांगितलं तुला?

मग तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या मोटारीची वायर काढून टाकली.

बघ हां, काय केलं तिनं. मोटार नाही म्हणजे झाकण फिरणार नाही. झाकण फिरलं नाही तर मी एकाच जागी, एकाच तऱ्हेनं ऐकत राहणार. त्यातून चित्र होऊच शकत नाही. ना मुलाचं, ना मुलीचं, कसलंच नाही. फक्त ऐकलेलं बदलतंय की नाही, एवढंच. फक्त रेघ.

"आडवी हो," ती म्हणाली. "आणि सांगते ते नीट ऐक. मी डॉक्टर नाही. रेघ उडाली तर जीव आहे. नाही उडाली तर मेलंय असं समजायचं नाही, डब्याला ऐकू आलं नाही असं समजायचं. मेंढीच्या पोटाचा डबा आहे हा. आणि काही झालं तरी आज दवाखान्यात जायचं."

"व्हय."

तेल. मग ती ऊब. मेंढीची कूस नाही, माणसाचं पोट. मी पहिल्यांदाच. आवाज सोडला. लांब गेला, फार लांब, परत येता येता विरला. रेघ सपाट.

"श्वास धर."

सपाट. गौतमीनं मला वाटीच्या काठाएवढं सरकवलं. सपाट. आणखी थोडं खाली. म्हाळसानं डोळे मिटले होते आणि तिच्या ओठांवर शब्द होते, देवाचे असतील किंवा शिव्या असतील.

आणि मग मी ऐकलं.

रेघ उडाली. थांबली. पुन्हा उडाली, आणि उडतच राहिली, टपटपटपटप, पत्र्यावर बोरं पडावीत तशी. गौतमीनं म्हाळसाचं मनगट धरलं, तिची नाडी बघितली. नाडी सावकाश होती, रेघ दुप्पट घाईत. म्हणजे हे ठोके आईचे नव्हते.

"म्हाळसा, फाटतंय!" गौतमी ओरडली. "अगं, फाटतंय!"

"फाटतंय?" म्हाळसा हसायला लागली आणि रडायलाही लागली, आणि पोट हललं तशी माझी रेघ वेडीवाकडी झाली. मित्रांनो, स्वच्छ चित्रासाठी मला किती शाबासकी मिळाली होती! पण त्या फाटक्या रेघेएवढा आनंद मला कधीच झाला नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ह्या बया! म्हंजी लावलंच की!"

पार्वतीबाई. डोक्यावर बाजाराची पाटी. मागं बिरदेव.

"न्हाई न्हाई म्हनत व्हती, आन् आमची पाठ फिरल्यावर? काय निघालं गं?"

"जिवंत आहे मावशी. मागच्या खेपेला लाथ बसली होती, म्हणून फक्त तेवढंच..."

"जितं तर असनारच. हाय काय ते सांग."

"बाळ आहे."

"मॅडम, गंमत नका करू," बिरदेव पुढं आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. तो कंपनीत मशीनवर काम करणारा माणूस, लोंबणारी वायर त्याला लगेच दिसली. "मोटार काढलीया व्हय? जोडा की. दोन मिनटाचं काम."

"नाही."

"समिती येनार हाय ना तुमची? मेंढरं लागत्यात ना? आख्खा कळप उभा करतो. चहापानी माझं."

"नाही म्हणलं ना."

"मग मी कॉलेजात जातो." तो ओरडला नाही, हळूच बोलला, म्हणून जास्त वाईट. "स्टिकर मला बी वाचता येतो. फक्त जनावरांसाठी. आन् तुम्ही माझ्या बायकोला लावलं. लावलंच हाय, तर पुरतं लावा. न्हाईतर तुमचं शिक्षण बी गेलं आन् डबा बी."

म्हाळसा उठून बसली होती. "ताई, जोडू नका," ती म्हणाली. पार्वतीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा आडवी केली. जोरात नाही. तशी सवयच असल्यासारखी.

गौतमी माझ्याकडं वळली. तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला. बिरदेव म्हणाला, "हां, आता कसं." त्याला वाटलं मोटार जोडतेय. मलाही वाटलं, मित्रांनो! मी म्हणत होतो, नको, नको, गौतमी नको. पण तिनं झाकणाचे स्क्रू काढले. झाकण हातात घेतलं. तिचा अख्खा पावसाळा होता त्यात, सगळ्या टाचण्या, बबनरावांच्या सगळ्या थट्टा. मेंढरांना मीठ चाटायला ठेवतात त्या सपाट दगडावर तिनं ते ठेवलं, आणि जाळीचे खुंट ठोकायचा धोंडा दोन्ही हातांनी उचलला.

एकदा. दोनदा.

तुकडे मिठात उडाले. आणि मी बहिरा झालो. बहिरा म्हणजे काय सांगू, आवाज येतात अजून, पण कशातूनही काहीच ओळखू येत नाही. त्या झाकणाशिवाय मी खरंच पोह्यांचा डबा.

"आता जा कॉलेजात," ती बिरदेवला म्हणाली. "नाहीतर थांब, मीच सांगते."

बिरदेवनं हात उचलला. खरंच उचलला. तेवढ्यात कुत्रं भुंकलं आणि आबा आले. मेंढरं अजून मागं होती, ते ओरडा ऐकून पुढं आले होते. तुकडे बघितले, आडवी सून बघितली. "काय झालं?"

म्हाळसाच म्हणाली, "आबा, कबरीनं लाथ मारली व्हती मला. पोटात. तवापास्नं ह्ये हलत नव्हतं. म्या भिऊन सांगितलं न्हाई."

आबा सुनेजवळ आले. मग काठी खाली टाकून मटकन बसले. "गाभण मेंढरू नुसतं लंगडलं," ते म्हणाले, "तरी आपन आख्खं घर धावतो. आन् माझी सून घरात भिऊन बसली?" मग बिरदेवकडं बघितलं. "ती गाडी ठरवलीया न्हवं तू? आन. शिरूरच्या सरकारी दवाखान्यात चाल. आन् दुसरीकडं वळवलीस तर मी चाकाम्होरं आडवा पडंन."

जीप आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं, म्हणाले, ठोके चांगले आहेत, आराम पाहिजे. हे मला गौतमीच्या तोंडून कळलं, मी पिशवीत होतो.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः सरांकडं गेली आणि सगळं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाळ?"

"आहे सर."

"बरं. आता मला कायद्यानं करायचं ते केलं पाहिजे."

आणि त्यांनी केलं. मला कापडात बांधून लाखेचं सील मारलं. समिती आली नाही. गौतमीची पदवी लांबली, चौकशीला खेटे घालावे लागले, आणि गावात काय काय बोललं गेलं! निम्मी लोकं म्हणाली, ही पैसे घेऊन सांगत होती. निम्मी म्हणाली, पैसे घेऊनही सांगितलं नाही, काय उपयोगाची? बबनराव तेव्हा एकही थट्टा करत नव्हते. ड्युटीवरून यायचे आणि ती रिकामी बादली न्हाणीत नीट उपडी घालून ठेवायचे. चौकशी मिटली, तिला इथं शिकवायची नोकरी लागली, आणि "हे चालत नाही" असा शेरा मारून मला तिच्या हवाली केलं. तेव्हापासून मी कपाटावर.

थांब, संपलं नाही. म्हाळसा आली होती. पुढच्या वर्षी, दौंडच्या बाजाराच्या दिवशी. कडेवर मूल, लोकरीचं टोपडं घातलेलं, गालाला काजळाची तीट. गौतमीनं मला खाली काढून ठेवलं, तर ते मूल माझ्या पत्र्यावर चमचा बडवत बसलं, टणटण, टणटण. ओळखीचं वाटलं मला.

म्हाळसा म्हणाली, "हे अजून धड बोलत न्हाईत माझ्याशी. मी म्हायेरालाच असते." चहा पिऊन तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ताई, आबांनी चैतात इकलेली एक मेंढी गाभण निघाली. खाटकाकडं गेल्यावर कळलं. दोन दिस जेवलं न्हाईत. म्हनलं, पोरीचा डबा असता तर."

गौतमी कप घेऊन आत गेली.

ते मूल पोरगा होता की पोरगी? बघ, आलंच ना तुझ्या ओठावर! सगळ्यात आधी तेच आलं. गौतमीनं विचारलं नाही, म्हाळसानं सांगितलं नाही, म्हणून मलाही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ते चमचा फार जोरात बडवतं.

झाकणाचे तुकडे त्या खणात आहेत, अगरबत्तीच्या पुड्यात. कधी कधी ती ते काढते, टेबलावर जुळवते. नवं झाकण करायला कानस पण आणून ठेवलीय. हातात घेते, आणि परत ठेवते. नवं झाकण केलं तर कितीतरी गाभण मेंढ्या वाचतील, हे तिला कळतं. एखादी म्हाळसा पुन्हा येईल, "जितं हाय का" म्हणेल, हेही कळतं. आणि तिच्या मागं कुणीतरी पाटी घेऊन येईल आणि म्हणेल, मोटार जोडा की. मित्रांनो, मला जपा, पुसा, कोरड्या जागी ठेवा, असं मी सांगायला हवं, आत्मवृत्तात शेवटी तसंच सांगतात. पण मला जपून काय होणार? माझ्यापुढं येऊन तुम्ही काय विचारता, तेवढं जपा.

चपला वाजल्या. ताई आल्या वाटतं जिन्यात. पटकन, त्या यायच्या आत, खरं खरं सांग. वाड्यावर तू आहेस. म्हाळसा आडवी आहे, बिरदेव बोलतोय, झाकण तुझ्या हातात आणि समोर तो मिठाचा दगड. तू काय केलं असतंस?